गाठ बांधून गिरनार

गिरनारवर न जाण्याचं माझं कारण तीस वर्षं उत्तम चाललं. "रोपवे झाला की जाऊ," एवढंच म्हणायचं. जुनागढात हे वाक्य म्हणणारा मी एकटा नव्हतो. अर्धं गाव हेच म्हणत म्हातारं झालं. कुणाला स्थळ नाकारायचं असलं तरी "रोपवे झाल्यावर मुहूर्त काढू" म्हणत आणि समोरचा समजून जाई. दर निवडणुकीला रोपवे होई आणि निवडणूक संपली की डोंगर पुन्हा मोकळा होई. मी सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेला माणूस. सरकार बोललेलं करणार नाही यावर माझा पूर्ण विश्वास होता. त्याच सरकारनं माझा विश्वासघात केला आणि एके दिवशी खरोखरच रोपवे बांधला.

मी तनसुखराय वसावडा, निवृत्त तोलमाप निरीक्षक. उजवा पाय लहानपणीच पोलिओनं नेला. तेव्हापासून त्या पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि हातात काठी. जोडचाकांच्या स्कूटरवरून मी सगळे तालुके पालथे घातले आहेत. माझी स्कूटर वाजली की किराणा दुकानात वजनं बदलण्याची धांदल उडायची. पायाचं मला कधी काही वाटलं नाही. मला फक्त एक गोष्ट चालत नाही, आणि ती म्हणजे कुणी उचलणं. शाळेत झेंडावंदनाला पी.टी.चे मास्तर मला खांद्यावर बसवून मैदानात न्यायचे आणि सगळी शाळा टाळ्या वाजवायची. त्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत आणि अजून माझा जीव त्यांनी कसनुसा होतो.

आता आमच्याकडची रीत अशी, की लग्न झालं की नवरानवरीनं अंबामातेच्या पाया पडायला गिरनार चढायचा. तिच्या घरचोळ्याचा, म्हणजे लग्नातल्या साडीचा, पदर आणि त्याच्या खांद्यावरचा खेस यांची गाठ मारायची आणि त्या गाठीनिशी वर जायचं. आमचं ते राहून गेलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या आईनं डोंगराकडे बघितलं, मग माझ्या बुटाकडे बघितलं आणि म्हणाली, "रोपवे झाला की जा." जसुमतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, खेस आणि घरचोळं एका गाठोड्यात बांधून कपाटात ठेवलं. पुढं शेजारच्या बायका वर्षाकाठी एकदा डोंगर चढून येत, पण ही कधी गेली नाही. "जाईन तर गाठीनंच जाईन," असं सगळ्यांना सांगायची. मी ओट्यावर बसून पेपर वाचायचो. ते वाक्य आलं की पेपर जरा वर धरायचो. या बाईची अंबाजी माझ्या पायामुळे राहिली, हे माझ्या मनात तीस वर्षं रुतून बसलं होतं.

कृपालचं, आमच्या मुलाचं, लग्न ठरलं आणि मुक्ताफोई आल्या. मुक्ताफोई ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तोंडात एकही दात नाही, पण शब्दाला धार भरपूर. झोपाळ्यावर बसल्या बसल्या त्यांनी निकाल दिला.

"तनसुख, पोराची गाठ बांधायच्या आधी तुझी गाठ मातेच्या उंबऱ्यावर जाऊ दे. सासूसासऱ्यांचं राहिलेलं आणि सून आधी पाया पडून येणार? असं आपल्यात झालेलं नाही."

"फोई, रोपवे झाला की..." मी सवयीनं म्हणालो.

"झालाय," फोई म्हणाल्या.

कृपालनं राजकोटहून फोनवर सुचवलं, "पप्पा, ऑनलाइन दर्शन घ्या ना." फोईंनी फोन हातात घेतला, कुठलं बटण दाबायचं ते न कळून नुसताच उशीखाली ठेवला आणि त्यावर बसल्या. तो आतून "हॅलो, हॅलो" करत राहिला.

बातमी फुटायला आमच्या गल्लीत वेळ लागत नाही. संध्याकाळी छबीलभाई ठकरार आले. हे आमचे शेजारी, किराणावाले. त्यांचा तराजू मी एकदा जप्त केला होता. तेव्हापासून ते मला सल्ले देतात आणि ते न मोजता देतात.

"वसावडा साहेब, पोट रिकामं ठेवून जा. वर हवा पातळ असते."

त्यांच्या मागोमाग त्यांची बायको आली. "भरल्या पोटी जा हो. पातळ हवेत भूक फार लागते."

"मी सांगतो ना रिकाम्या पोटी!"

"तुम्ही कधी गेलात रिकाम्या पोटी? दुकानात जातानासुद्धा चार गांठिये तोंडात असतात तुमच्या."

यावर नवराबायकोचं जुंपलं. दोघंही आमच्या अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर उभी राहून भांडली. आम्हाला गच्ची आहे, पण जसुमती पापड अंगणातच घालते. का, ते मी कधी विचारलं नाही. तेवढ्यात गल्लीतल्या आणखी कुणी कापराच्या पुड्या आणल्या, कुणी कमरेचा पट्टा आणला. माझ्या प्रवासाची चर्चा माझ्याच अंगणात इतकी रंगली, की मी कोपऱ्यात उभा आहे हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

ठरलेल्या सकाळी आम्ही रिक्षानं गिरनारच्या पायथ्याशी, भवनाथला पोचलो. मी, जसुमती, फोई आणि छबीलभाई. छबीलभाईंना कुणी बोलावलं नव्हतं. जसुमतीनं घरचोळं नेसलं होतं. त्याला इतक्या वर्षांचा डांबरगोळ्यांचा वास येत होता. दुपारी अमावास्या लागणार, त्याच्या आत दर्शन झालं पाहिजे, म्हणून फोईंना घाई. रिक्षातून उतरताच त्यांनी रस्त्याच्या मधोमध आमची गाठ मारली, फुंकर घातली आणि म्हणाल्या, "आता मातेच्या उंबऱ्यापर्यंत सुटली नाही पाहिजे. मध्ये सुटली तर सगळं मुळापासून."

मग आम्ही रोपवेच्या दाराशी गेलो. दारातल्या माणसानं नम्रपणे हात जोडले.

"बापा, आज बंद आहे. वर वारा फार आहे."

"कधी थांबेल?"

"ते वाऱ्याच्या हातात."

छबीलभाई लगेच म्हणाले, "तासभर बसा. गरम कावो पिऊ, गांठिये खाऊ, वारा पडेल." मुक्ताफोई म्हणाल्या, "अमावास्या थांबेल का तासभर? डोली करा." मी जसुमतीकडे पाहिलं. वाटलं, बिचारी हिरमुसली असेल. तर तिचा चेहरा एकदम उजळलेला. रोपवेच्या तारेकडे न बघता तिनं हात जोडले आणि "जय अंबे, पायीच जाऊ," म्हणाली. काय ही श्रद्धा, असं मला वाटलं आणि मला माझी लाज वाटली. त्या लाजेच्या भरात मी आयुष्यात पहिल्यांदा "चला, डोली करू," असं बोलून गेलो.

डोलीचा तळ म्हणजे पत्र्याची एक शेड. आत तुळईला काटा टांगलेला आणि काट्याखाली दोरांनी लटकवलेली फळी. गिरनारवर डोलीचा दर माणसाच्या वजनावर ठरतो, त्यामुळे फळीवर बसायचं, पाय उचलायचे आणि कांद्याच्या पोत्यासारखं लटकायचं. समोर रांग लावलेली असते आणि काट्याचा आकडा मुनीम मोठ्यानं पुकारतो. माझ्या आधी राजकोटचे एक शेठ लटकून उतरले, खूश होऊन. मी फळीपाशी गेलो आणि माझ्या अंगातला निरीक्षक जागा झाला.

"थांबा," मी म्हणालो. "काटा रिकामा असताना सुई शून्यावर नाही. शून्याच्या खाली आहे."

मुनीम मेरामणभाई खाली वाकून हळूच म्हणाले, "साहेब, ते गिऱ्हाइकाच्या फायद्याचं आहे. वजन कमी दाखवतो."

"फायद्याचा प्रश्न नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व तुमचं, पण खांदे आमचे. आमची तक्रार नाही."

"तुमची नसेल, काट्याची आहे."

मागून राजकोटचे शेठ ओरडले, "काका, बसा ना गुपचूप! देवाच्या दारात कशाला खोड्या काढता?"

"तुम्हाला पुन्हा बसावं लागेल," मी त्यांना सांगितलं. रांगेत एकदम कालवा झाला. आधी वजन करून चहा पीत बसलेले लोक कप टाकून उठले. जसुमतीनं गाठ धरून मला ओढलं.

"अहो, निवृत्त झालात ना तुम्ही?"

"जसु, माणूस निवृत्त होतो, शून्य निवृत्त होत नाही." असलं काहीतरी मी बोललो. आता लिहितानाही ते मला बरं वाटतं, पण त्या वेळी कुणीही वाहवा केली नाही.

काट्याच्या बाजूला फिरकी होती. ती मी स्वतः फिरवली आणि सुई शून्यावर आणली. मग मोठ्या समाधानानं फळीवर बसलो. मेरामणभाईंनी आकडा पुकारला. तो इथे सांगण्याचं कारण नाही. एवढंच सांगतो, की दोन माणसांच्या डोलीची जी हद्द असते ती मी केसभर ओलांडली होती. जुन्या सुईनं मी हद्दीत मावलो असतो.

"चार माणसं लागतील," मेरामणभाई म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला नको इतका आनंद दिसला. मग जरा विचार करून ते म्हणाले, "साहेब, हा लोखंडी बूट काढून ठेवा ना. बेन हातात घेतील. तेवढ्यानं दोन माणसांत भागेल."

"बूट म्हणजे माझा पाय आहे. तुम्ही गिऱ्हाइकांचे पाय काढून वजन करता का?"

यावर शेडमध्ये वाद पेटला. शेठांचं म्हणणं, बूट सामानात धरावा. मागची एक बाई म्हणाली, मग माझे पैंजणही सामानात धरा. डोलीवाल्यांतले सगळ्यात वयस्कर अरजणभाई बिडी विझवून पुढं आले आणि म्हणाले, "अहो, ज्याचा बूट त्याचा पाय. उचला, चार जण लागा." त्यांनी एवढ्या सहज हे म्हटलं, की मी नाही म्हणायच्या आत चौघांनी मला दांड्यावर घेतलं. मी डोळे मिटले आणि टाळ्यांची वाट पाहिली. टाळ्या वाजल्या नाहीत. लोक पुन्हा चहाकडे वळले होते.

छबीलभाई फोईंना घेऊन वारा पडायची वाट बघत खालीच थांबले. खरी गंमत पायऱ्यांवर सुरू झाली. मी डोलीत, जसुमती पायी आणि मध्ये गाठ. खेस माझ्या गळ्याभोवती होता. डोलीवाले चालत नाहीत, ते ठेक्यात पळतात. पहिल्याच वळणावर ते पुढं गेले, ती मागं राहिली आणि खेस माझ्या गळ्याला आवळला. मी "ऊं ऊं" केलं. अरजणभाईंना वाटलं साहेब भजन म्हणतायत, त्यांनी मागून सूर धरला. जसुमती ओरडली तेव्हा कुठं चौघं थांबले. मग मी खेस कमरेला बांधला. आता ती मागं राहिली की मी डोलीतून सरकायचो आणि ती पुढं गेली की तिचा पदर ओढला जायचा.

"अहो, जरा हळू!"

"मी कुठं चालतोय? यांना सांग!"

"बेन, थांबलो की खांदा भरून येतो," मागून डोलीवाला म्हणायचा. "तुम्हीच जरा पळा."

उतरणारे लोक वेगळेच. अर्धे गाठीच्या वरून जात, अर्धे खालून. एका आजोबांचा फेटा गाठीत अडकून उतरला आणि ते बराच वेळ आमच्याबरोबर उलटे वर आले, कारण फेट्याचं दुसरं टोक त्यांनी सोडायला नकार दिला. अरजणभाईंचं तोंड सारखं चालू होतं. त्यांनी कुणाकुणाला वर नेलं, कोण डोलीत घोरलं, कोण डोलीत भांडलं, सगळं सांगून झालं. "पण गाठीसकट डोली मी पहिल्यांदाच उचललीय," ते म्हणाले. "लग्न लागलेलं जोडपं चालतच येतं, साहेब. डोलीत येईपर्यंत गाठ कशी टिकणार?"

या सगळ्यात जसुमतीचं चालणं मात्र मी पाहत राहिलो. ती ना डावीकडे बघत होती ना उजवीकडे. मागं तर एकदाही वळली नाही. खाली जुनागढ उलगडत चाललं होतं, जंगल दिसत होतं, लोक थांबून फोटो काढत होते, आणि हिची नजर त्या गाठीवर. केवढी ही एकाग्रता, मी मनात म्हणालो. तीस वर्षं मी हिला यापासून अडवून ठेवलं. मला इतकं वाईट वाटलं, की मी खिशातला थेपला काढून तिला दिला. तिनं तो गाठीवरची नजर न काढता खाल्ला.

जैन देरासरांच्या, म्हणजे देवळांच्या, अलीकडे वरून एक डोली वेगानं उतरत आली. वाट द्यायला जसुमती कठड्याच्या बाजूला सरकली, तिची नजर दरीत गेली आणि ती एकदम ताठ झाली. पुढच्या क्षणी तिचा पाय मुरगळला. मला वाटलं, दगड सुटा असणार. मी त्या दगडाला आणि देखभाल करणाऱ्यांना उद्देशून पाचेक मिनिटं बोललो. जसुमती पायरीवर बसून घोटा चोळत होती.

आता आली का पंचाईत! मागं वळलं तर सगळं मुळापासून. पुढं जायचं तर ही चालू शकत नाही. नशिबानं ती उतरणारी डोली रिकामी होती. एका जैन आजींना वरच्या देरासरातून दुपारनंतर खाली आणायचं तिच्या दोघा डोलीवाल्यांचं ठरलं होतं आणि मध्ये चहाला खाली चालले होते. अरजणभाईंनी त्यांना पटवलं. काटा इथं नव्हता, त्यामुळे त्या दोघांनी जसुमतीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि आपापसात मान हलवली. मी तोंड उघडणार होतो. जसुमतीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते मिटलं.

तर पुढं मी, मागं ती, मध्ये गाठ. सहा खांदे, दोन डोल्या आणि एक खेस. पुढची डोली खांदा बदलायला थांबली की मागची येऊन माझ्या पाठीवर आदळायची. मागची थांबली की मी उलटा ओढला जायचो. शेवटी अरजणभाईंनी ठेका ठरवला. ते "जय" म्हणायचे आणि मागचे "गिरनारी" म्हणायचे, म्हणजे अंतर कळायचं. यानं अंतर राखलं गेलं, पण गर्दी जमली. नुकतीच लग्न झालेली दोन जोडपी तर आमच्या पायाच पडली.

मागून काठियावाडातल्या कुठल्यातरी खेड्यातल्या बायकांचा जथा येत होता. त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, "हे काय, हो?"

"लग्न," मागचा डोलीवाला थकून म्हणाला. त्याला "लग्नाची राहिलेली गाठ" म्हणायचं होतं, पण दम नव्हता.

झालं. लग्न म्हटल्यावर त्या बायकांना आणखी काय हवं? आमच्याकडे लग्नात वरपक्षाला टोमणे मारणारी फटाणी गातात. त्या बायकांनी चालता चालता जोडायला सुरुवात केली.

"नवरा आला डोलीत गं, दांडा वाकला खाली गं!
चार खांदे बदलले, तरी पोट हलेना जागचं गं!"

"तत्त्वानं वजन वाढलं," जसुमती मागून म्हणाली. तिलाही हसू आवरत नव्हतं. ही आमची अर्धांगिनी. बायकांनी तेही उचललं आणि पुढच्या कडव्यात घातलं.

पायऱ्यांवर बातमी डोलीपेक्षा वेगानं चढते. खालून "राहिलेलं लग्न" निघालं, पुढच्या पाणपोईवर "म्हाताऱ्यांचं लग्न" झालं आणि त्याच्या वर जाईपर्यंत, मुलांच्या विरोधाला न जुमानता पळून आलेले दोन वृद्ध अंबामातेसमोर लग्न लावणार आहेत, असं ठरलं. वरून उतरणारे एक तापट गृहस्थ मुद्दाम थांबले आणि माझ्यावर खेकसले, "मुलांना विचारलंत का?"

"मुलाच्या लग्नासाठीच चाललोय," मी म्हणालो.

"म्हणजे मुलाच्या लग्नाआधी स्वतःचं? कमाल आहे!" ते खाली जाईपर्यंत मान हलवत होते.

याच सुमारास वारा पडला. मला आधी कळलं नाही. कळलं ते खिशातला फोन वाजला तेव्हा.

"वसावडा साहेब, वर बघा!" छबीलभाई ओरडत होते. मी वर पाहिलं. डोक्यावरून काचेचे डबे सरकत होते. एकात छबीलभाई हात हलवत उभे होते आणि शेजारी मुक्ताफोई हात जोडून बसल्या होत्या. "म्हटलं नव्हतं तासभर बसा म्हणून? पोट रिकामं आहे ना?"

"छबीलभाई, फोन ठेवा."

"ठेवतो. डाव्या खांद्यावरचा माणूस जरा वाकलाय तुमचा. वरून छान दिसतं." तो डबा नजरेआड झाला आणि मला तोलमाप खात्याचे सगळे जुने अधिकार परत हवेसे वाटले.

वर पोचलो तेव्हा अंबामातेच्या देवळासमोर माणसांची भिंत उभी होती. कुणी फुलं आणली होती. एकानं जसुमतीच्या हातात स्टीलचा डबा दिला आणि म्हणाला, "संसाराला उपयोगी पडेल." पुजारी बाहेर आले आणि त्यांनी काळजीनं विचारलं, "तुमचं आधी एखादं लग्न झालेलं आहे का?" "यांच्याशीच," जसुमती म्हणाली. पुजाऱ्यांना काहीच कळेना. मुक्ताफोई पुढं आल्या आणि त्यांनी सगळ्या जमावाला असं झापलं, की दोन मिनिटांत सगळ्यांना आमची वंशावळ पाठ झाली.

शेवटच्या पायऱ्या डोलीनं चढता येत नाहीत. मी काठी टेकून उतरलो. माझा डावा पाय धड, तिचा उजवा. दोघांत मिळून एका माणसापुरते पाय भरत होते. तिनं माझ्या खांद्यावर हात टाकला, मी तिच्या कमरेला धरलं आणि आम्ही एकेक पायरी चढू लागलो. कोण कुणाला धरून होतं, हे मला नीट सांगता येणार नाही. उंबऱ्याशी पोचलो आणि मागं टाळ्या वाजल्या. त्याच, शाळेतल्या. पण या वेळी त्या ऐकताना शेजारी जसुमती होती, घरचोळ्याला डांबरगोळ्यांचा वास होता आणि मला कसनुसं झालं नाही. जसुमतीनं नारळ फोडला. मातेला मी काय मागितलं ते आठवत नाही. मला रडू येत होतं, एवढं आठवतं.

गाठ काही सुटेना. सकाळपासून ओढाताण होऊन ती लोखंडासारखी झाली होती. पुजाऱ्यांनी नखं लावली, छबीलभाईंनी दात लावायची तयारी दाखवली. "राहू दे," फोई म्हणाल्या. "उंबरा लागला, काम झालं. घरी जाऊन सोडा." छबीलभाईंनी खिशातून परतीची रोपवेची तिकिटं काढली, चौघांची. डोलीवाले केव्हाच गेले होते, दोघं त्या जैन आजींना आणायला आणि चौघं जेवायला.

रोपवेचं नाव निघताच जसुमतीनं माझा हात पकडला. "अहो, डोली बोलवा ना."

"आता कुठली डोली? हे बघ, एका मिनिटात खाली."

छबीलभाई आणि फोई पुढच्या डब्यात बसले, आम्ही मागच्यात. दार लागलं, डबा हलला आणि पायाखालची जमीन निघून गेली. जसुमतीनं डोळे गच्च मिटले आणि तोंड माझ्या खेसात खुपसलं.

"किती राहिलं?"

"आत्ताच सुटलोय, जसु."

डबा जरा पुढं गेल्यावर ती खेसातूनच म्हणाली, "मला उंचीची भीती वाटते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मी कधी गच्चीवर पापड घातलेत?"

मी तीस वर्षांचे पापड आठवले. सगळे अंगणात. "मग 'जाईन तर गाठीनंच जाईन' म्हणायचीस ते?"

"तुमचा पाय होता म्हणून म्हणायचे. धडधाकट नवरा मिळाला असता तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी चढावं लागलं असतं. तुमच्या आई 'रोपवे झाला की जा' म्हणाल्या ना, तेव्हा मी मनातल्या मनात मातेला नारळ कबूल केला. आज फोडला तो."

मला हसावं की रागवावं कळेना. तीस वर्षं मी ज्या ओझ्याखाली पेपर वाचत होतो, ते ओझं तराजूत ठेवलं तर सुई हलणारसुद्धा नव्हती. "मग आज कशाला आलीस? फोईंना मी समजावलं असतं."

"फोईंसाठी नाही आले," ती म्हणाली. "मी ते वाक्य बोलले की तुम्ही पेपर तोंडापुढं धरायचात. मला दिसायचं. आता सून येणार. तिच्यासमोरही तुम्ही तसाच पेपर धरला असतात. ते मला नको होतं."

डबा एका खांबाजवळून खडखडत गेला आणि ती माझ्यात आणखी शिरली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "डोळे उघडू नकोस," मी म्हणालो. "मी बघून सांगतो. उपरकोटचा किल्ला दिसतोय, तळहाताएवढा. तलावात ऊन पडलंय. आपली गल्ली झाडांमागं असणार. जंगलात एक मोर पिसारा पसरून बसलाय." मोर नव्हता. पण तिचा श्वास जरा शांत झाला, म्हणून मी आणखी दोन मोर सांगितले.

खाली उतरलो तर छबीलभाई आणि फोई वाट पाहत उभे. फोईंनी विचारलं, "काय गं, कसं दिसलं वरून जुनागढ?"

"फार सुंदर, फोई," जसुमती पदर सावरत म्हणाली. "उपरकोट तळहाताएवढा. तलावात ऊन. आणि मोर तर किती!"

छबीलभाईंनी भुवई वर केली. "पण बेन, आम्ही पुढच्या डब्यातून बघत होतो. तुमचं तोंड तर सबंध वेळ साहेबांच्या खेसात होतं." ते माझ्याकडे वळले. "वसावडा साहेब, तुम्ही तत्त्वाचे माणूस. सकाळी स्वतःचं वजन वाढवून घेतलंत, पण सुई शून्यावरून हलू दिली नाहीत. तुम्ही सांगा खरं काय ते."

जसुमतीनं माझ्याकडे पाहिलं. आमच्यातली गाठ अजून सुटली नव्हती.

"तिनं सगळं पाहिलं," मी म्हणालो. "मी स्वतः तपासलंय."